कान्छाच्या घराचा पालो

क्युरोंग, कार्तिक
भाइटिकाच्या दुसऱ्या दिवशी

कान्छा,

आधी आशीर्वाद देऊ की आधी शिव्या, हे सकाळपासून ठरत नव्हतं. काल भावांचा सण होता म्हणून आशीर्वाद आधी. तुझ्या दाराभोवती तेलाची धार फिरवली, उंबरठ्यावर अक्रोड ठेवून दगडानं फोडला, कडीला मखमली फुलांची माळ अडकवली. टिळा लावायला कपाळ नव्हतं, तो चौकटीला लावला. अक्रोड एका घावात फुटला. भावाचे वैरी असेच फुटोत, म्हणतात. मी म्हटलं खरं, पण मग आठवलं की तुझी सगळ्यांत मोठी वैरीण मीच आहे असं तू पोखऱ्यात सांगत फिरतोस. तेव्हा तो दगड मी माझ्याच कपाळात घातला की काय, कोण जाणे.

माझ्या फोनवरून लावला की तुझा फोन वाजत नाही, माझ्या पोराच्या, रेशमच्या फोनवरून लावला की वाजतो. मी म्हातारी झाले आहे, खुळी झालेली नाही. म्हणून हे पत्र तुलबहादुरच्या जीपमधून पाठवते. तू ते फाडलंस तर तेही तो मला येऊन सांगेल. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

आता शिव्या. माथ्यावरची जमीन आणि आपलं घर तू त्या रिसॉर्टवाल्या साहूजीला द्यायला निघालास हे खरं का? बैना झाला, विसार हातात पडला, कागद व्हायचा बाकी आहे, असं खाली पायथ्याला बेसीतल्या चहाच्या दुकानात माणसं बोलतात. माझ्या माहेराची बातमी मला चहाच्या दुकानातून कळावी? तुझं घर आहे, तू मालक आहेस, कबूल. पण त्या घरामागच्या बांधातून झरा निघतो आणि तो गावभर जातो. झऱ्याचा मालक तू कधीपासून झालास?

तू विसरला असशील म्हणून नव्हे, तुला टोचावं म्हणून आठवण करून देते. या गावात पाहुणा घर निवडत नाही. वेशीवर आम्ही बायका माळ घालतो, आणि ज्या घराचा पालो, ज्याची पाळी असेल त्या घराची बाई त्याची पिशवी उचलते. प्रत्येक घराची लाकडी पट्टी गावच्या पाहुणे-समितीच्या भिंतीवर खिळ्याला असते. पाहुणा आला की पुढची पट्टी मागे जाते. कोणाच्या घरातून हिमाल दिसतो, कोणाच्या घरातून फक्त रेड्याचा गोठा. पालो सगळ्यांना सारखा, ताटातला ढिंडो सारखा, आंघोळीला पाणी एकेक बादली. म्हणून या गावात एका घराला माज चढला नाही आणि दुसरं उपाशी राहिलं नाही.

आणि ज्या घरातून धूर निघत नाही त्याला पालो नाही, सभेत हात वर करायचा हक्क नाही, हाही नियम तुला पाठ आहे. चार वर्षांपूर्वी तू किल्ली माझ्या अंगणात भिरकावून गेलास. तेव्हापासून तुझ्या घरातून धूर निघतो. मी काढते. रोज चूल पेटवते, उठताना निखाऱ्यांवर राख ओढते. पाणी घालत नाही. का ते तुला माहीत आहे. तुझा पालो आला की पाहुणा तुझ्या घरात उतरतो आणि रांधते मी. जे मिळतं ते झऱ्याच्या टाकीला जातं. समितीला सगळं ठाऊक आहे, कोणी बोलत नाही.

आता पोट धरून हस. हा साहूजी पावसाळा सरल्यावर साधा पाहुणा म्हणून आला होता. पालो निघाला तुझ्या घराचा. मी त्याला आंबवलेल्या गुंद्रुकाचं सार दिलं, कोंबडी केली, पहाटे अंगणात घोंगडी टाकून अन्नपूर्णेवरचं ऊन दाखवलं, झऱ्याशी नेऊन ओंजळीनं पाणी पाजलं. हे कुणाचं घर, म्हणाला. मी छाती काढून सांगितलं, माझ्या भावाचं, पलटणीतून निवृत्त होऊन पोखऱ्यात असतो. गल्लीसुद्धा सांगितली. निघताना तो माझ्या पाया पडला. असा पाहुणचार जन्मात पाहिला नाही म्हणाला. मी दिवसभर गालात हसत होते. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात, पण धोंड्याला कोंबडी शिजवून घालणारी मीच.

नाही म्हण. एवढंच हवं आहे. चिठ्ठी लिहू नकोस, नुसतं तुलबहादुरला सांग, नाही म्हणून.

तुझी माइली दिदी

*

क्युरोंग, मंसिर

कान्छा,

तुलबहादुर म्हणाला, तू पत्र घेतलंस, खिशात घातलंस आणि हवापाण्याचं विचारलंस. इथे हवा चांगली आहे. पाण्याबद्दल पुढे सांगते.

लिहायला तुझ्या पडवीत बसते आहे. इथे उजेड बरा पडतो.

काल सभा झाली. चार वर्षांपूर्वी तुझ्यावरून पहिली सभा झाली होती ती तू विसरला नसशील, मीही नाही. तुला याच माथ्यावर सिमेंटचं चार मजली हॉटेल बांधायचं होतं. नको म्हणून पहिला हात मी वर केला. तू सगळ्यांसमोर विचारलंस, तू दिदी आहेस की अध्यक्ष? मी म्हटलं, आज अध्यक्ष. ते चुकलं असं मी आजही म्हणणार नाही, म्हणून तर इतकी पंचाईत आहे. चुकलं असतं तर पाय धरून मोकळी झाले असते. तू त्या दिवशी जेवला नाहीस एवढं मात्र मला अजून खुपतं. तुझ्यासाठी सिस्नूची भाजी केली होती.

कालच्या सभेत बोलायला पहिला उठला तो रेशम. माझा मुलगा. साहूजी त्याला व्यवस्थापक करणार आहे. काठमांडूच्या प्रशिक्षणात मी टिकाऊ पर्यटनावर बोलून टाळ्या घेतल्या होत्या ना, ते त्यानं काढलं. म्हणाला, "आमा, तुझं पर्यटन टिकेल, माझं लग्न टिकत नाहीये. बिपना म्हणते पोखऱ्याला चल. वर्षातून दोन हंगाम पाहुणे, त्यातही सगळ्या गावात वाटून. पालोवर गाव चालतं, घर चालत नाही. मी काय कतारला जाऊ?"

सगळे हसले, पण शेवटच्या वाक्याला कोणी हसलं नाही. प्रत्येक घरातून कोणी ना कोणी गेलेलं आहे. मी झऱ्याचं बोलले, लाकडाचं बोलले, दिवसाला किती माणसं या डोंगराला झेपतील ते बोलले. सगळ्यांनी मान डोलावली आणि पालथ्या घड्यावर पाणी गेलं. रस्ता झाल्यापासून माणसं सकाळी जीपनं येतात, हिमालासमोर फोटो काढतात आणि दुपारी खाली जेवायला जातात. गावाला उरते ती धूळ. रेशम म्हणतो ते अगदीच खोटं नाही, हे तुला सांगते, त्याला सांगितलं नाही.

मग म्हातारी सुकमाया बोज्यू उठली. तिचं घर सगळ्यांत खाली, वाकडं, समोर गोठा. पाहुणे तिच्या घोरण्याला कंटाळतात आणि निघताना तिच्याच गळ्यात पडून रडतात. ती म्हणाली, "पाहुणे निवडायला लागले तर मला कोण निवडेल?"

आणि तरीही हात वर झाले, कान्छा. एकेक करून झाले. जमिनीकडे बघत का होईना, पण झाले. पालो बंद. ज्याला जसं जमेल तसं त्यानं पाहुणे आणावेत, आणि रिसॉर्ट आलं की गावाला कामं. पट्ट्या खिळ्यांवरून उतरवून ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. बोज्यूनं तिची कमरेच्या पटुक्यात खोचली. तुझी मी घेतली.

आता कोणाच्या हाता-पाया पडून उपयोग नाही. सभा गेली, समिती गेली. उरला तू. जमीन तुझी आहे, तू नाही म्हटलंस की सगळ्यांचे हात आपोआप खाली येतील.

दिदी

*

क्युरोंग, पुस
ल्होसारच्या दिवशी

कान्छा,

नवं वर्ष लागलं. खाली चौतऱ्यावर नाचगाणी चालू आहेत, मी गेले नाही.

डोझर आला. कागद व्हायच्या आधीच आला, माथ्यापर्यंत रस्ता काढायला. बैना झालाय म्हणजे झालंच, असं त्यांचं गणित. त्यानं बांधाच्या वरच्या अंगाला कापलं आणि झरा लाल झाला. मला वाटलं दोन दिवसांत निवळेल. निवळला, पण अंग आक्रसलं. जिथे मनगटाएवढी धार होती तिथे आता करंगळी आहे. खालच्या तोटीला हवा येते, पाणी येत नाही. झऱ्याच्या सिमे देवाच्या दगडाला दूध घातलं, कोंबडा दिला. देवानं कोंबडा घेतला, पाणी दिलं नाही.

हंगामातले शेवटचे पाहुणे, एक म्हातारं जोडपं, बाटल्यांचं पाणी घेऊन वर आलं. या गावात प्लॅस्टिकची बाटली वेशीवर ठेवून यायची असा नियम होता. मी त्यांना काही बोलू शकले नाही. काय प्यायला देणार होते?

नवरा गेला तेव्हाही मी कोणापुढे पदर पसरला नाही. आज तुझ्यापुढे पसरते. तू मला वैरीण म्हण, अध्यक्ष म्हण, गावासमोर चार शब्द सुनाव, मी मान खाली घालून ऐकेन. पण डोझर थांबव. तुझ्या एका फोननं तो थांबतो. बांध अजून पुरता फुटलेला नाही. मुरमाखाली पाणी आहे, कान लावला की ऐकू येतं.

मी रोज कान लावते.

दिदी

*

क्युरोंग, पुस संपताना

कान्छा,

हात गारठलेत, अक्षर वेडंवाकडं येईल. चालवून घे.

मी तुला काही गोष्टी सांगितल्या नव्हत्या. तुझ्या पडवीत बसून लिहिते म्हटलं, पण तुझ्या घरात राहते हे लिहिलं नाही. सभा झाली त्याच दिवशी मी अंथरूण आणि दोन भांडी घेऊन वर आले. रेशमनं हाकललं नाही, त्याच्यावर तसा आळ नको. त्यानं आमच्या खोल्यांचे फोटो फोनवर टाकले आणि बिपनानं माझी खोली पाहुण्यांसाठी रंगवायला काढली. माझ्याच घरात मी पालो मोडून पाहुण्याला चहा द्यायचा, हे हातून होईना. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, आमचे वासे जागेवर आहेत, मीच फिरले. कोणी विचारलं तर माहेरी आले आहे असं सांगते. या वयात माहेरी, म्हणून बायका हसतात.

परवा साहूजी आला. वाईट माणूस नाही, तेच मोठं दुखणं आहे. शिवी हासडावी असं एक वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. बरोबर एक फलक आणला होता. निसर्गाच्या कुशीत, निसर्गाला धक्का न लावता, असं त्यावर लिहिलंय आणि झाडाचं चित्र आहे. फलकाचे खांब मात्र आपल्या आमानं लावलेल्या उत्तिसाच्या झाडाचे. रस्त्यात आलं म्हणून पाडलं होतं, ते वाया गेलं नाही, असं त्यानं मला समजावून सांगितलं.

म्हणाला, "दिदी, हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकलो. लाल मातीच्या भिंती, दारात माळ, संध्याकाळी नाच. तुम्ही स्वागताला उभ्या राहा, तुमचा फोटो सगळ्यांच्या आधी लावू."

मी म्हटलं, "आणि पाणी?"

"टँकरनं आणू."

मला हसू आलं, थांबेना. डोंगराच्या माथ्यावर बसून खालून टँकर मागवायचा. तोही थोडा हसला. मग हळूच म्हणाला की घर रिकामं मिळालं तरच कागद होईल, तसं ठरलंय, आणि संक्रांत झाली की कागद आहे. मी म्हटलं, घर रिकामं नाही, चूल पेटलेली आहे. हे त्याला कळलं नाही. त्याच्या घरी गॅस असणार.

मग त्यानं रेशमला पाठवलं. रेशम दारात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, "आमा, ऊठ. माझी लाज काढू नकोस." मी म्हटलं, बस, चहा घे. तो बसला नाही. मग चुलीकडे बघत लहानपणीच्या आवाजात म्हणाला, "आमा, थंडी वाजत नाही का गं इथे?" वाजते, असं मी म्हटलं नाही. तो गेला, आणि दुसऱ्या दिवशी पायरीवर लाकडं रचून ठेवलेली दिसली. कोणी ठेवली ते मी विचारलं नाही. बोज्यू तर एवढी चढू शकत नाही.

तुला हे लिहायचं नव्हतं. तू म्हणशील, दिदी आता रडून मिळवायला बघते. बघतेच आहे. दुसरं काय उरलंय माझ्याकडे?

दिदी

*

क्युरोंग
माघे संक्रांतीच्या आदल्या दिवशी

कान्छा,

तुलबहादुर आत्ता सांगून गेला. म्हणून घाईनं लिहिते. तो तासाभरात परत खाली जाणार आहे.

तू बेसीपर्यंत आला होतास. चहाच्या दुकानात बसलास, दोन चहा घेतलेस, वर बघत राहिलास. तुलबहादुर म्हणाला, चल दाजू, जीप रिकामी आहे. तू उठला नाहीस. शेवटी त्याला विचारलंस, "आमच्या घरातून धूर निघतो का रे?" तो म्हणाला, रोज निघतो. मग तू तोंड फिरवलंस आणि पोखऱ्याची बस धरलीस.

तुलबहादुरनं हे हसत हसत सांगितलं. मी आत गेले, धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

तर मग ऐक. आता मी तुला विकू नकोस असं म्हणत नाही. म्हणून म्हणून जीभ झिजली. कागद परवा आहे, रेशमनं सांगितलं. तू सही करणारच असशील तर त्याआधी एक काम तुला स्वतःच्या हातानं करावं लागेल, ते मला करता येत नाही. आपली आमा काय सांगायची ते आठव. चेली, सासरी दिलेली लेक, माहेरची चूल पेटवू शकते, विझवू शकत नाही. विझवायची ती घरच्या मुलानं, पाणी ओतून. ती विझल्याशिवाय घर रिकामं झालं असं कोणी म्हणू नये. साहूजीला गॅस माहीत आहे, पण तुला तर चूल माहीत आहे. चार वर्षं मी निखाऱ्यावर राख ओढली ती याच चुलीच्या. हा विस्तव आमाचा आहे. तुझ्या बारशाचं पाणी यावर तापलं होतं.

तुझी पट्टी मी सभेतून आणली होती. आज ती समितीच्या भिंतीवर परत नेऊन अडकवली. सगळे खिळे रिकामे, एकटीच लोंबकळते आहे. म्हणजे पालो तुझ्या घराचाच. चौतऱ्यावरच्या बायका बघत होत्या. एकीनं विचारलं, पालो लावला, पण पाहुणा कुठाय? मी म्हटलं, येतो आहे. बोज्यू म्हणाली, मग माळ कोण घालणार? आणि ती स्वतःच फुलं वेचायला गेली. बाकीच्यांपैकी काहीजणी तिच्यामागे गेल्या. किती गेल्या ते मी मोजलं नाही, मला मोजवलं नाही.

तेव्हा पाहुणा तू आहेस. आलेल्या पाहुण्याला परत पाठवायचं नाही हा या गावचा नियम आहे, आणि पाहुण्यानं बेसीतूनच परत जायचं नाही हा आजपासून माझा. तुझ्या घरात उतू जाईल एवढी ऊब आहे. सणाचे तरुलाचे कंद उकडायला ठेवलेत, तूप आहे, गुळाची चाकू-वडी आहे. सिस्नूची भाजीही करते. चार वर्षांपूर्वीचं ते जेवण तुझं राहिलंय, ते जेव. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मी वाढून अंगणात जाऊन बसेन.

मग जेवण झालं की चुलीपाशी जा. कोणी तुला अडवणार नाही, मी तर नाहीच. घागर दाराशी भरून ठेवली आहे. झऱ्याला आता थेंबाथेंबानं येतं. ती एक घागर भरायला आज सकाळची दुपार झाली, तेव्हा ओतताना सांडू नकोस.

तुझी दिदी